घर पाहावे घेऊन

– तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या पिढीने केली ती पिढी एका अर्थी भाग्यवानच म्हटली पाहिजे. तिच्यापाशी निदान चार भिंती उभ्या करण्यापुरती जागा तरी होती! गवंड्याशी हुज्जत, सुताराची वाट पाहणे, वासे आणि कौले यांचा हिशेब, ऐन पावसाच्या तोंडावर संपलेला पैसा, या सगळ्या यातनांमधून घर हळूहळू वर येताना त्या लोकांना दिसत असे. फसवणूक व्हायचीच तर ती चुन्यात नाही तर लाकडात होई, आणि जाणत्या माणसाच्या डोळ्यांना ती कळे. आज आपल्यापैकी कितीजणांच्या घरी घर 'बांधतात'? आपण घर घेतो. दुसऱ्याने बांधलेले, तिसऱ्याने दाखवलेले आणि चौथ्याच्या पैशाने. तेव्हा ती म्हण 'घर पाहावे घेऊन' अशी बदलून घ्यायला हरकत नाही. आणि गाठीला पैसा थोडा असेल तर या खटाटोपापुढे लग्न सोपे वाटावे अशी परिस्थिती आहे.

वार्षिकांकासाठी हा विषय रुक्ष आहे, याची मला जाणीव आहे. संपादक मंडळातील मैत्रिणीने 'एखादी कविता दे' म्हणून सुचवलेही होते. परंतु कल्याणच्या पुढे कर्जत आणि कसारा या दोन्ही फाट्यांवरून रोज लोकलला लोंबकळत येणाऱ्या आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी सध्या जे बोलणे चालते ते कवितेचे नसून घराचेच असते, हे आपण सर्वजण जाणतो. शिवाय मी ज्या घराविषयी लिहिते आहे ते घर वर्तमानपत्राच्या पानभर जाहिरातीतले नव्हे. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, बाल्कनीत कॉफी पिणारे तरुण जोडपे, हे त्या घरात नसते. मी लिहिते आहे ते पंधरा-वीस लाखांच्या घराविषयी: एक खोली, एक स्वयंपाकघर, न्हाणीघर आतच असले तर नशीब. ज्यांचे वडील सुरक्षारक्षक आहेत, ज्यांची आई पोळी-भाजी केंद्रात राबते, ज्यांच्या भावाला कंत्राटी पद्धतीवर बारा तास काम आहे, त्या कुटुंबांच्या घराविषयी.

माझे म्हणणे असे आहे की, अशा माणसाला घर स्वस्त मिळतच नाही. त्याला मिळते ते काहीतरी काढून घेतलेले घर. कुणाच्या घरातून पाणी काढून घेतलेले असते, कुणाच्या घरातून रस्ता, कुणाच्या आयुष्यातून रोजचे चार तास. आणि बहुतेकांच्या घरातून जे काढून घेतलेले असते ते डोळ्यांना दिसतच नाही, कारण ती वस्तू म्हणजे कागद. त्यातही दुःखाची गोष्ट ही की, हा कागद नोंदवून घेण्याचे पैसे सरकार मोजून घेते आणि पुढे त्याच कागदापासून हात झटकते.

आधी पैशाचाच हिशेब मांडू, कारण आपण अर्थशास्त्राचे विद्यार्थी लाखांच्या आणि कोटींच्या आकड्यांत पुष्कळ रमतो, पण घरच्या वहीतला आकडा आला की आपली वाचा बसते. समजा, वीस लाखांचा जुना ब्लॉक घ्यायचा आहे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त शेकडा ९० टक्के रक्कम बँकेने द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे दोन लाख आपले. ठाणे किंवा पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क शेकडा ७, म्हणजे १ लाख ४० हजार. नोंदणी फी शेकडा १, म्हणजे २० हजार. त्यावर दलालाची दलाली, वकिलाची फी, सोसायटीचे हस्तांतर शुल्क (महाराष्ट्रात त्याला २५ हजारांची मर्यादा घातलेली आहे, हे किती सोसायट्यांचे सेक्रेटरी आपणहून सांगतात?), विजेचा मीटर नावावर करणे. किल्ली हातात येण्यापूर्वी रोख चार लाख रुपये लागतात. ज्याच्यापाशी चार लाख रोख साठले आहेत त्याला आपण गरीब म्हणत नाही. आणि ज्याला आपण गरीब म्हणतो तो हे चार लाख व्याजाने काढतो, बायकोच्या गळ्यातले मोडतो किंवा मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशाला हात घालतो. पुढचे अठरा लाख शेकडा ९ दराने वीस वर्षांत फेडायचे म्हटले तर महिना सुमारे १६,२०० रुपयांचा हप्ता पडतो, आणि वीस वर्षांत बँकेला जवळजवळ ३९ लाख जातात. वीस लाखांचे घर असे चाळिशी ओलांडून पुढे जाते!

या हिशेबातील एक बारकावा तर मला फारच बोचतो. नोंदणी फी शेकडा १ असली तरी ती ३० हजारांच्या वर जात नाही. म्हणजे ३० लाखांचे घर घेणारा कारकून ३० हजार भरतो आणि ३ कोटींचे घर घेणारा शेटही ३० हजारच भरतो. वर्गात प्रगतिशील करआकारणीवर टिपणे लिहून घेताना हे उदाहरण आम्हांला कुणी सांगितले नाही. स्त्रीच्या एकटीच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात शेकडा १ सूट मिळते, ही गोष्ट मात्र खरोखर स्वागतार्ह आहे. पण आमच्या आळीत ती सूट ऐकून एका काकांनी "एवढ्या वीस हजारांसाठी घर बाईच्या नावावर करू?" असे म्हटलेलेही मी ऐकले आहे. असो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

गेले वर्षभर आमच्याही घरी हा शोध चालू आहे. दर रविवारी डबा घेऊन बाबा आणि मी निघायचे: टिटवाळा, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ. या भटकंतीत जे दिसले त्यावरून मी वर 'काढून घेतलेले घर' असे म्हटले. एके ठिकाणी किंमत पटण्यासारखी होती. चौकशी केली तर पाणी टँकरचे. दुसऱ्या ठिकाणी इमारत नवी, रंग ताजा, पण नदी हाकेच्या अंतरावर. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना नौदलाच्या व आपत्ती दलाच्या लोकांनी बाहेर काढले, हे आपल्याला आठवत असेल. गाडीतल्या माणसांची छायाचित्रे देशभर गेली. काठावरच्या इमारतींच्या तळमजल्यांवर जे राहत होते, त्यांच्या धान्याच्या कोठ्यांची छायाचित्रे कुणी काढली नाहीत. तळमजल्याचा ब्लॉक वरच्यापेक्षा स्वस्त का, याचे उत्तर दलाल 'जिना चढायला नको, म्हातारी माणसे आहेत ना तुमच्याकडे' असे देतो!

जागेच्या मापाची तर निराळीच भाषा आहे. कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप. चारशे फुटांचा म्हणून दाखवलेल्या ब्लॉकमध्ये बाबांनी खिशातून टेप काढून मोजले तेव्हा भिंतीपासून भिंतीपर्यंत पावणेतीनशे भरले. उरलेले सव्वाशे फूट कुठे गेले, असे विचारल्यावर त्या गृहस्थांनी जिन्याकडे, गच्चीकडे आणि मग नुसते आकाशाकडे बोट केले. नव्या कायद्याने बिल्डरला कार्पेट क्षेत्रफळच सांगावे लागते. पण जुन्या घरांच्या बाजारात अजून जुनीच मोजणी चालते.

आणि अंतर! बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. तिथून कामाला जाणाऱ्या माणसाचे येण्याजाण्यात साडेतीन तास गेले असे धरले आणि वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले, तर हजारावर तास होतात. म्हणजे वर्षातले त्रेचाळीस-चव्वेचाळीस दिवस-रात्र हा माणूस डब्यात उभा असतो. हे दिवस घराच्या किमतीत कुणी धरत नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले होते. शेलू आणि वांगणीची घरे नकोत, ज्या मुंबईत आम्ही गिरण्या चालवल्या तिथेच घर द्या, अशी त्यांची मागणी होती. 'फुकटात मिळतेय तर कुठेही घ्यावे की' असे त्या वेळी लोकलच्या डब्यात एक बाई म्हणाल्या. ती घरे फुकट नव्हती, हे सोडून देऊ. पण आयुष्यभर गिरणगावात राहिलेल्या माणसाला सत्तराव्या वर्षी केईएम रुग्णालयापासून पाऊणशे किलोमीटर दूर नेऊन बसवायचे, याला घर देणे म्हणावे की घर हलवणे?

तरीही पाणी, पूर, माप, अंतर ही दुखणी अशी आहेत की ती दिसतात. माणूस ती पाहून, मान खाली घालून, पत्करतो. कागदाचे दुखणे दिसत नाही. "अहो साहेब, कागद काय बघता, घर बघा, हवा बघा!" असे एक दलाल आम्हांला मोठ्या प्रेमाने म्हणाला होता. मला वाटते, या सबंध धंद्याचे रहस्य त्या एका वाक्यात आले.

डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींचे प्रकरण आपल्या दारातले आहे, म्हणून ते जरा सविस्तर पाहू. महानगरपालिकेच्या बांधकाम परवानगीचे बनावट कागद तयार करण्यात आले, त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवण्यात आली आणि त्या इमारतींतील घरे सामान्य माणसांना विकली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. रहिवासी रस्त्यावर आले, त्यांनी पुन्हा दाद मागितली, पुढाऱ्यांनी आश्वासने दिली. पण ज्या प्रश्नाकडे माझे लक्ष जाते तो निराळा आहे. या घर घेणाऱ्यांनी काय करायचे राहिले होते? महारेराचा क्रमांक त्यांनी पाहिला होता. दस्त नोंदवला होता. मुद्रांक शुल्क भरले होते. अनेकांना बँकांनी कर्जेही दिली होती. 'लोक चौकशी करत नाहीत, स्वस्त मिळाले की उड्या मारतात' हा जो ठरीव शेरा आपण मारतो, तो या माणसांना लागू पडत नाही. त्यांनी सरकारच्या तीन-तीन शिक्क्यांवर विश्वास ठेवला होता. एक महानगरपालिकेचा, तो खोटा निघाला. उरलेले दोन खरे होते, पण त्यांनी पहिला खोटा आहे की खरा हे पाहिलेच नव्हते.

येथे आपल्या कायद्याची एक गंमत सांगितली पाहिजे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठे उमटवून, छायाचित्र काढून आपण बाहेर पडलो की 'घर नावावर झाले' असे आपण समजतो आणि पेढे वाटतो. प्रत्यक्षात १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली नोंदवला जातो तो दस्त, मालकी नव्हे. विकणारा मालक आहे की नाही, हे तपासणे निबंधकाचे काम नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये तामिळनाडूतील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे शासन आपल्याकडून शेकडा आठ रुपये घेते ते कशाचे? एका माणसाने दुसऱ्या माणसाला काहीतरी लिहून दिले, याची आठवण ठेवण्याचे! ते लिहून देणे खरे होते की खोटे, याची जबाबदारी घेणाऱ्याच्या डोक्यावर. तीन कोटींचे घर घेणारा तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घेतो, त्यासाठी पैसे मोजतो. वीस लाखांचे घर घेणाऱ्यापाशी वकिलाचे पैसे नसतात, आणि कचेरीत जायला रजा मिळत नाही. जोखीम मात्र दोघांची सारखी. नव्हे, दुसऱ्याची जास्त, कारण त्याच्यापाशी दुसरे घर नाही.

आणखी पुढे जाऊ. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकाला पुष्कळ संरक्षण दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या शेकडा दहापेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, ही एक तरतूदच किती मोलाची आहे! परंतु पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला या कायद्याखाली नोंदणीची सक्ती नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा आपल्या वाड्याच्या जागी लहानशी इमारत बांधणारा भला माणूस असावा. आमच्या डोळ्यांसमोर येते ती गावठाणाला लागून, चार गुंठ्यांत, घाईघाईने उभी केलेली आठ खोल्यांची चाळ. सगळ्यांत गरीब गिऱ्हाईक तिथेच जाते, आणि त्याच दाराशी कायदा थांबतो. तिथे खरेदीखत नसते. साठेखत, नोटरी आणि कुलमुखत्यारपत्र यांवर काम भागते. कुलमुखत्यारपत्राने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितले. पण शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लाल शिक्का मारलेला कागद पाहिला की आपल्या माणसांना अजून देव भेटल्यासारखे होते.

त्या खोल्या किती घाईने उभ्या राहतात, हे पाहायचे असेल तर शिळफाट्याची आठवण काढावी. ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत तिथे कोसळली. ७४ माणसे गेली. वरचे मजले चढत होते आणि खाली माणसे राहत होती. इमारतीत माणसे राहायला आली की ती पाडणे महानगरपालिकेला अवघड जाते, हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून तो आधी गरिबांना आणून बसवतो. घर घेणारे तिथे गिऱ्हाईक नसतातच. ते बांधकामाचे रखवालदार असतात, फक्त त्यांना पगाराऐवजी हप्ता भरावा लागतो.

मग शासन काय करते? ते उशिरा येते आणि माफ करते. गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेलेल्या बेकायदा तुकड्यांसाठी २००१ साली गुंठेवारी कायदा आला. १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड त्याने नियमित करायचे होते. २०२१ च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शिथिल करण्याचा निर्णयही २०२५ साली जाहीर झाला. या निर्णयांना माझा विरोध नाही. ज्यांची आयुष्ये त्या गुंठ्यांत गेली त्यांना सातबारावर नाव मिळत असेल तर ते मिळावेच. पण क्रम कसा आहे तो पाहा. प्रथम बेकायदा विक्री होऊ द्यायची, मग वीस वर्षे 'अनधिकृत' म्हणून नळ आणि गटार नाकारायचे, आणि शेवटी शुल्क घेऊन अधिकृत करायचे. ज्याने गुंठे पाडून विकले तो केव्हाच नगरसेवक झालेला असतो. दंड भरतो तो घेणारा.

आमचे एक प्राध्यापक या विषयावर बोलताना म्हणाले की, घर विकत घेण्याचा हा हव्यासच चुकीचा आहे. पाश्चात्त्य देशांत लोक जन्मभर भाड्याने राहतात. सरांच्या मताविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला असे म्हणावेसे वाटते की, आपल्याकडचे भाड्याचे घर अकरा महिन्यांचे असते. दर अकरा महिन्यांनी पलंग, कपाट आणि शाळेचा दाखला घेऊन हिंडणाऱ्या कुटुंबातली मुले माझ्या वर्गात आहेत. शिवाय भाड्याने घर मागायला गेले की 'भाडे किती देणार' हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न 'आडनाव काय' हा असतो. ज्यांचे आडनाव ऐकून घरमालक 'कालच दिली हो जागा' असे म्हणतो, त्यांनी स्वतःच्या घराची ओढ धरली तर तिला हव्यास म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरा उपाय म्हाडाच्या सोडतीचा सांगतात. म्हाडाच्या घरांचे कागद स्वच्छ असतात, आणि माझ्या दृष्टीने तो फार मोठा गुण आहे. लायक असणाऱ्यांनी अर्ज जरूर करावा. पण मागणी असलेल्या ठिकाणी एका घरामागे शेकड्याने अर्ज, आणि विरार-बोळिंजसारख्या ठिकाणी हजारो घरे वर्षानुवर्षे गिऱ्हाइकाविना पडून, असे दोन्ही प्रकार एकाच मंडळाच्या कारभारात दिसतात. पाणी आणि प्रवास यांचा विचार घर बांधण्याआधी करायचा असतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि निवाऱ्याच्या वाटपाला 'लॉटरी' हे नाव रूढ झाले आहे, यावर मराठीच्या विद्यार्थ्यांनी थोडा विचार करावा.

मग थोड्या पैशाच्या माणसाला चांगल्या कागदाचे घर मिळूच शकत नाही का? मिळू शकते, आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी ते मिळवून दाखवले. शहराबाहेर कुंभारी येथे गोदुताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. आडम मास्तरांच्या पुढाकाराने कामगारांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, आणि २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या हस्ते ती घरे त्यांच्या हाती आली. घराच्या खर्चात केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि कामगार बाईचा स्वतःचा वाटा. विड्या वळून साठवलेला तो वाटा होता. पुढे त्याच कुंभारीत रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, आणि त्यांतली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. दोन पंतप्रधान, दोन निराळे पक्ष, आणि लढा चालवणारे तिसऱ्याच पक्षाचे! राजकारण बाजूला ठेवून मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या बायका एकेकटीने दलालाकडे गेल्या नाहीत. त्यांनी संस्था केली, संस्थेने जमीन घेतली, आणि जमिनीचा कागद आधी सरळ करून मग वीट रचली. एकटीच्या हातून जे तपासणे शक्य नव्हते ते हजारोंच्या संस्थेच्या हातून झाले. तिथेही सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. वसाहत शहरापासून दूर आहे आणि विडीचा धंदा मंदावत चालला आहे. पण 'हे घर कुणाचे' असा प्रश्न त्यांना कुणी विचारू शकत नाही.

ही कल्पना नवी नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी स्थापन झाली, ती याच विचाराने. रावबहादूर तालमकी यांच्यासारख्या माणसांनी मध्यमवर्गीय भाडेकरूंना एकत्र आणले. आज आपण 'सोसायटी' म्हणतो तेव्हा पार्किंगची भांडणे आणि गणपतीची वर्गणी एवढेच डोळ्यांसमोर येते. त्या शब्दाचा मूळ अर्थ, पुष्कळांनी मिळून जमीन घेणे हा, आपण बिल्डरच्या हवाली करून मोकळे झालो. आता आधी बिल्डर बांधतो, मग विकतो, मग सोसायटी होते, आणि जमीन सोसायटीच्या नावावर करून देण्याचे तो विसरतो. १९६३ च्या कायद्याने ती करून देणे त्याच्यावर बंधनकारक होते. तो विसरतच राहिला म्हणून २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. हा शब्द उच्चारतानाच माणूस थकतो. कचेरीत ते मिळवताना काय होत असेल, याची कल्पना करावी.

'मुंबईचा जावई' हा १९७० चा चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. नवविवाहितांना चाळीच्या खोलीत एकांत मिळत नाही, यावर तो हसतखेळत बेतलेला आहे. सातच वर्षांनी, १९७७ साली, 'घरौंदा' हा हिंदी चित्रपट आला. त्यात जोडप्याने जमवलेला पैसा बिल्डर घेऊन पसार होतो, आणि तिथे हसू संपते. जागा नाही या दुःखाकडून जागेच्या नावाने फसवणूक या दुःखाकडे आपण त्या दशकात वळलो आणि अजून तिथेच आहोत.

शासनाकडे माझे मागणे एकच आहे. निदान २५ लाखांपर्यंतच्या घरांचा दस्त नोंदवून घेताना, बांधकाम परवानगी खरी आहे काय, सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर विकणाऱ्याचे नाव आहे काय आणि घर पूररेषेच्या आत आहे काय, या तीन गोष्टी निबंधक कार्यालयाने स्वतः तपासाव्यात, आणि तसे दस्तावर लिहून द्यावे. तिन्ही गोष्टी सरकारच्याच निरनिराळ्या खात्यांच्या दप्तरात आहेत. एका खात्याने दुसऱ्या खात्याला विचारायचे आहे. त्यातून चूक झाली तर भरलेले शुल्क आणि नुकसानभरपाई द्यावी. हे अवघड आहे, खर्चाचे आहे, असे उत्तर येईल. सध्या तो सगळा खर्च एका सुरक्षारक्षकाच्या अंगावर टाकलेला आहे.

शासन हे करील तेव्हा करील. आपल्या हातातले एक काम मी सुचवते. आम्हांला व्यावहारिक मराठीच्या तासाला अर्जलेखन, इतिवृत्त, जाहिरातीचे भाषांतर शिकवतात. सातबारा वाचायला कुणी शिकवत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा कसा दिसतो, फेरफार क्रमांक म्हणजे काय, सूची क्रमांक दोन कुठे मिळते, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र यांत फरक कोणता, साठेखत आणि खरेदीखत एक नव्हे, हे तृतीय वर्षाच्या मुलाला माहीत नसते. आणि घरातला सर्वांत जास्त शिकलेला माणूस म्हणून दलालाने पुढे केलेले कागद वडील त्याच्याच हातात देतात! डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. तो काढणे आणि वाचणे एका दुपारी शिकण्याजोगे आहे.

म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या विभागाने आणि मराठी व अर्थशास्त्र या दोन विभागांनी मिळून पुढील वर्षापासून महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दोन तास ग्रंथालयाशेजारच्या खोलीत कागद वाचण्याचे केंद्र चालवावे. महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, तलाठी कार्यालयात काम करणारे आहेत, बँकेत कर्जविभागात असलेले आहेत. पाळीपाळीने त्यांतील एकाला बोलवावे. शिपाई काकांपासून उपाहारगृहातल्या मावशींपर्यंत ज्यांना घर घ्यायचे आहे त्यांनी टोकनचे पैसे देण्यापूर्वी आपले कागद तिथे आणावेत. फी नको. एक वही, एक संगणक आणि कागद मोठ्याने वाचून दाखवायला तयार असलेले चार विद्यार्थी एवढे पुरे. माझे नाव त्या चारांत पहिले धरावे. जूनमध्ये मी एम.ए.ला इथेच असेन.